खालचा फ्यूज

गुरुवार, १७ जानेवारी १९७४. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कोंडीरामने पडवीतल्या बोर्डावरचा खालचा फ्यूज ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. खोलीतला दिवा गेला.

"दिवा गेला म्हंजे करंट गेला," तो बायकोला म्हणाला. "आता हितंच उभी ऱ्हा. बोर्डाला कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई."

"आन् डाळ?" मंजुळाबाईने विचारलं.

"डाळ काय पळून जात न्हाई."

तो आत गेला. ती पदर खोचून बोर्डाखाली उभी राहिली.

आकुर्डीतल्या अण्णासाहेबांच्या चाळीत ओळीने चार खोल्या. टोकाच्या खोलीत मंजुळाबाई खाणावळ चालवायची. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे एक वाजता चाळीस माणसं जेवायला येणार होती. चाळीस ताटांचं तेल गार पाण्याने निघत नाही, म्हणून कोंडीरामनेच मोरीत अर्ध्या ड्रमची टाकी बसवली होती. ताटं जाळीच्या टोपलीत उभी करून आत सोडायची. तळाची कॉइल पाणी तापवायची. सोमवारपासून पाणी तापत नव्हतं. स्विच तर पावसाळ्यातच जळाला होता. तेव्हापासून तारा सरळ कॉइलला जोडलेल्या होत्या.

आतून खरवडण्याचा आवाज येत होता. कॉइलच्या झाकणाच्या तिन्ही नटांवर क्षार चढला होता. तो निघाल्याशिवाय तारांपर्यंत हात पोचणार नव्हता.

दहाला पाच कमी असताना शेजारचे उद्धवराव आले. एका कंपनीत वायरमन, रात्रपाळी करून परतत होते.

"काय वहिनी, पहारा? बोर्ड चोरीला जातोय का काय?"

"टाकी उघडलीय ह्यांनी. फ्यूज काढून."

उद्धवराव हसत हसत बोर्डाकडे वळले. मग हसणं थांबलं.

"खालचा काढलाय?"

"खालचाच. खिशात हाय त्यांच्या."

"वहिनी, करंट वरच्यातनं येतो आणि खालच्यातनं परत जातो." उद्धवरावांचा आवाज एकदम खाली आला होता. "दिवा गेला खरा. पण टाकीच्या तारेत करंट आहे अजून."

वरच्या फ्यूजची चिनी माती फुटलेली होती. गेल्या महिन्यात कोंडीरामनेच तिथे जाड तार पिळून बसवली होती. ती हाताने निघणारी नव्हती, आणि पक्कड कोंडीरामपाशी मोरीत होती.

मंजुळाबाईने तोंड उघडलं. उद्धवरावांनी हात वर केला.

"हाक मारू नका. दचकला तर हात कुठं जाईल, सांगता यायचं नाही. अंगाला शिवायचं पण नाही. मी मेन बंद करतो."

मेन स्विच अण्णासाहेबांच्या खोलीत होता, खोलीला कुलूप होतं, आणि अण्णासाहेब तळेगावला लग्नाला गेले होते. पडवीतल्या दिव्याचं बटणही त्याच खोलीत. जाताना ते बंद करायचं राहिलं होतं, म्हणून दिवा दिवसाढवळ्या जळत होता. उद्धवरावांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा विझला की समजा, मेन पडला."

ते चपला तिथेच टाकून पळाले. थोड्याच वेळात चाळीच्या दुसऱ्या टोकाला कुलपावर दगड आपटू लागला.

कोंडीराम दचकतो, हे मंजुळाबाईला कुणी सांगायला नको होतं. नऊ वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडीत काढून त्याचा उजवा कान गेला होता, डाव्याने अर्धंमुर्धं ऐकू यायचं. मागून कुणी बोललं की त्याचं अंग उडायचं. दिवाळीत तो नारळ सोलत असताना तिच्या हातून ताट पडलं, तर त्याचा अंगठा कोयत्याने फाटला होता. प्रेसवरच्या माणसाला हाक मारत नाहीत, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. त्याच्या उजेडात जाऊन उभं राहायचं. उजेड गेला की माणूस आपसूक हात मागे घेतो आणि वर बघतो.

ती उंबऱ्यापाशी गेली.

खोलीला खिडकी नव्हती. उजेड येत होता तो दारातूनच. कोंडीराम मोरीत उकिडवा बसला होता, तिच्याकडे पाठ करून, अनवाणी, टाकीतून सोडलेल्या पाण्यात. तिन्ही नट निघाले होते. झाकण बाजूला पडलं होतं, आणि तो पान्याने कडेचा क्षार खरवडत होता.

तिने पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि दार भरून टाकलं.

मोरीत काळोख झाला. खरवडणं थांबलं.

"मंजुळे, दारातनं सर," तो वळून न बघता म्हणाला.

ती सरली नाही.

"सर म्हनतो ना. काय, करपली का डाळ?"

"हात काढा," ती म्हणाली. पण ते इतकं हळू निघालं की तिचं तिलाच ऐकू आलं. कुलपावर घाव पडतच होते.

कोंडीरामने पाना खाली ठेवला.

"बरं, ऱ्हा उभी," तो म्हणाला. "मला काय दिसायलाच पायजे असं न्हाई. हाताला कळतंय."

चाळीच्या टोकाला दगडाचा आवाज बंद झाला.

तिने मान वळवून पडवीत पाहिलं. दिवा जळत होता.