ऊर्जा वाचताना

माझ्या पाटीवर मनोविश्लेषण, कल्पनाचित्रं आणि ऊर्जा असं तिन्ही आहे. एक नाही तर दुसरं लागू पडतंच. कोचावर पडलेल्या बाईंना मी नेहमीचं सांगितलं, "मनात एक घर आणा, एकेक दार उघडत जा. मी मागे बसून, डोळे मिटून तुमची ऊर्जा वाचतो." कित्येक महिने त्या शेवटच्या दाराशी अडत होत्या.

आज मी डोळे उघडले, तर त्या रडून मोकळ्या झालेल्या.

"उघडलं ना दार? मला जाणवलं," मी गंभीरपणे म्हणालो.

"उघडलं. आत आई होती. सगळं बोलले तिच्याशी."

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जाता जाता त्या वळल्या. "पुढची वेळही जेवणानंतरचीच द्या, डॉक्टर. तुम्ही घोरायला लागलात की मगच मला बोलायचा धीर होतो."