बापूजींची गाडी

विजयमालाबाईंनी सावरगावच्या जत्रेतला आपल्या वडिलांचा मोटारीसोबतचा फोटो माझ्यासमोर ठेवला. "गुरुजी, ही गाडी कोणती, सांगा ना. वहिनीच्या माहेरी मारुती आली, तवापासून हसून राहिली. म्हणते, तुमच्या बापूजीपाशी सायकलही नव्हती." जुन्या सिगारेटच्या पाकिटांतून जमवलेली मोटारींची चित्रं मी पसरली. खिडकीतून संत्र्याच्या बहराचा वास येत होता, फोटोतली गाडी जणू त्यातूनच तरंगत आली होती. जाळी फोर्डची, दिवे मॉरिसचे, पंखांसारखे मडगार्ड कुणाचेच नव्हते. माझंच चुकत असेल, म्हणून भिंग धरलं. चाकावरून पडद्याची घडी गेली होती. गाडी फोटोवाल्याच्या पडद्यावर रंगवलेली होती. "बाई, अशी गाडी कोणत्याच कंपनीनं बनवली नाही," मी चाचरत म्हणालो.  त्यांनी फोटो पदरानं पुसला. "म्हणजे अशी गाडी फक्त आमच्या बापूजीपाशीच होती. सांगते वहिनीला."