कडवलेलं तेल

दिगंबररावांचं तेरावं झालं आणि आरोग्यसेविका रेश्मा उरलेल्या बाटल्या न्यायला आली. धमन्या साफ ठेवणारं ते ऑलिव्ह तेल घरोघरी मिळायला लागल्यापासून, अकरा वर्षांत, अख्ख्या कऱ्हाडात हृदयविकाराने गेलेले ते पहिलेच.

"काकी, काका रोज दोन चमचे घ्यायचे ना?"

"एक दिवस चुकवला नाही," इंदुमती म्हणाली. "सुरुवातीला घशाला फार झोंबायचं. ठसका लागून यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला बघवेना. मग लोणच्यासाठी कडवतो तसं मी ते कढईत कडवून, गार करून द्यायला लागले."

रेश्माचा हात थांबला. "धूर निघेपर्यंत?"

"हो. मग अजिबात झोंबायचं नाही."

रेश्माने हातातली बाटली खाली ठेवली. "काकी, जे झोंबतं ना, तेच औषध. तापवलं की ते जळून जातं."

इंदुमतीने बाटली उघडून चमचाभर कच्चं तेल तोंडात घेतलं. घसा पेटला, ठसका लागला, डोळे वाहू लागले. रेश्माने पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

रोज सकाळी रिकामा चमचा परत देताना दिगंबरराव म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण आहे बघ."