बिनकामाची वाट

साहेब चार तास आधी आला.

मुहूर्त दहाचा होता, भटजींनी पंचांग तीनदा उलटून काढलेला. तोवर नव्या वाटेवर कुणी पाऊल ठेवायचं नाही असं गावच्या वाट-कमिटीनं ठरवलं होतं, आणि कल्याणातल्या झाडून साऱ्या पागोट्यांनी ते मनोभावे पाळलं होतं. त्यामुळं कार्तिकातल्या त्या सकाळी, नुकतं फटफटलं तेव्हा, शेणाळे तळ्याकाठी माणसं होती तीन. घोड्यावरून उतरलेला गोरा कलेक्टर साहेब, त्याचा कारकून आणि धोतराचा सोगा सावरत धावत आलेले गोपीनाथराव.

गोपीनाथराव बांधकाम खात्यातले पेन्शनर ओव्हरसियर. गेली तीन वर्षं त्यांना एकच वेड लागलं होतं: माणसांनी नुसतं फिरावं म्हणून सावलीच्या वाटा. तळ्याकाठची ही पहिली, अर्ध्या मैलाची, गावच्या वर्गणीतून झालेली. पुढची टिटवाळ्याला, तिसरी कळव्यावरून ठाण्याला. एवढ्यावर थांबतील तर ते गोपीनाथराव कसले! नकाशावर त्यांनी सबंध मुंबई इलाखाच आखून ठेवला होता. सुरतेपासून कारवारापर्यंत वाटाच वाटा, दुतर्फा झाडं! या वाटांना सरकारच्या लोकल फंडातून पैसे मिळणार की नाही, ते आज साहेबाच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं.

"नकाशा उत्तम आहे," साहेब पुस्तकी मराठीत म्हणाला. "परंतु रस्ता कामासाठी असतो. काम नसताना चालणारा मनुष्य मी या जिल्ह्यात पाहिला नाही. पत्रात मी हेच लिहिले होते. मला तो दाखवा."

"दहा वाजता सारा गाव लोटेल, साहेब!"

"दहा वाजता मी टिटवाळ्याच्या पुढे असेन."

तेवढ्यात समोरून महिपत आला. डोक्यावर गवताचा भारा. मुहूर्ताचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गोपीनाथरावांचा चेहरा उजळला.

"कुठे चाललास?" साहेबानं विचारलं.

"बाजारान, सायब. गवत इकाला."

कारकुनानं बिनकामाच्या यादीत लिहून घेतलेलं त्याचं नाव खोडलं. मागून काठी टेकत विश्राम आला, तो गुडघ्याच्या लेपासाठी वैद्याकडं निघालेला. तेही नाव खोडलं. साहेबानं घड्याळ काढून पाहिलं.

मग बायका आल्या. सात-आठ जणी, केस ओले, हातात तांबे. कार्तिकस्नान उरकून त्या घरी निघाल्या होत्या. गेले आठ दिवस त्या याच वाटेनं जात-येत होत्या, आणि कमिटीला त्याचा पत्ता नव्हता, कारण त्या वेळी कमिटी घोरत असे. पुढं गोदाकाकू, शेजारी गोपीनाथरावांची सून कलावती. सासऱ्यांना पाहताच कलावतीनं पदर पुढं ओढला आणि ती वाटेच्या कडेला सरकली.

गोपीनाथरावांनी डोळे मिटून घेतले. आता या 'स्नानाला' म्हणणार. स्नान म्हणजे कामच. संपलं सगळं! आणि दुसरं काही म्हणणं त्या बायकांना शक्यही नव्हतं. चांगल्या घरची बाई फिरायला बाहेर पडते म्हटल्यावर दुपारपर्यंत साऱ्या आळीची तोंडं सुटली असती.

पण साहेबाचं ते पत्र मामंजींनी ओटीवर तीनदा मोठ्यानं वाचलं होतं, आणि तिन्ही वेळा कलावती दाराआड उभी होती. इलाखाभरच्या त्या वाटा तिला तोंडपाठ होत्या.

"ह्या स्त्रिया कशासाठी चालतात?" साहेबानं विचारलं.

गोदाकाकूंनी तोंड उघडलं. कलावतीनं त्यांचं मनगट दाबलं.

"फिरायला," ती म्हणाली.

मामंजींसमोर आठ वर्षांत ती 'हो' आणि 'जी' यापलीकडं काही बोलली नव्हती. मागच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तर जीभच चावली.

"नुसत्या?"

"नुसत्या." या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबानं चाबकाचं टोक तिच्या हातातल्या तांब्याकडं रोखलं. "आणि स्नान?"

आता मात्र गोदाकाकूंना राहवेना. साठी उलटलेली बाई, त्यांना कुणाची भीती? "अहो साहेब, विहिरी आमच्या परसातच आहेत की! नुसतं अंग भिजवायला एवढ्या लांब कोण मरायला येतंय?"

गोपीनाथरावांनी डोळे उघडले. त्यांच्याही परसात विहीर होती, बारमाही पाण्याची. दरवर्षी कार्तिकात सून तळ्यावर का जाते, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांना एकदम हसू फुटलं, आनंदानं छाती भरून आली आणि डोळ्यांत पाणीही आलं. इलाखाभर शोधत होते तो माणूस त्यांच्याच घरात स्वयंपाक करत होता!

"असे असेल तर," साहेब अजून हट्टानं म्हणाला, "चालून दाखवा."

बायका थबकल्या. घर डावीकडं होतं, तिथं चूल पेटायची होती. उजवीकडं तळं होतं, आणि तिथलं काम तर आटोपलं होतं.

कलावती उजवीकडं वळली. पाठोपाठ गोदाकाकू, आणि एकेक करत बाकीच्याही. कारकून भराभर नावं विचारून लिहू लागला, आणि एकही नाव त्यानं खोडलं नाही.

कलावती मात्र तरातरा चालली होती, रोज पाण्याला नाहीतर देवळात जाते तशी. कुठं पोचायचंच नसेल तर पाय किती सावकाश टाकायचे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"सूनबाई!" साहेबादेखत, सगळ्या बायकांच्या देखत गोपीनाथरावांनी हाक मारली. "अगं, हळू चाल. घरी काही घाई नाही."