पहिली कुरकुर

बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम ती कॉलवर साहेबांना दाखवत होती. नवा कोड तपासणारा सर्व्हर जरा अडखळला, की सगळ्यांना मेल धाडून ऑफिस डोक्यावर घ्यायचा. त्याला वळण लावणारं प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, तिने एका हाताने पाळण्याची दोरी ओढत लिहिलं होतं. स्क्रीनवर तपासणी फसल्याची लाल खूण उमटली. “झालं. तरी म्हटलं होतं, इतक्यात एवढं नको घेऊस,” साहेब म्हणाले. “दोन मिनिटं थांबा.” तेवढ्यात पाळण्यातही कुरकुर झाली; तिने दोरी हलवली नाही. प्लगइनने मेल अडवून तपासणी पुन्हा चालवली. खूण हिरवी झाली. बाळही निजलं. “हे कुठे शिकलीस?” तिने कॅमेरा शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे वळवला. त्या म्हणाल्या, “पहिल्या कुरकुरीला उचलायचं नसतं, साहेब. खरंच दुखत असेल, तर पुन्हा रडतंच.” दोरी सोडून, दोन्ही हातांनी, तिने प्लगइनच्या लेखकांमध्ये आपल्या नावाआधी सासूबाईंचं नाव लिहिलं.