उन्हात ओढलेली फिल्म

मॅनेजरनं कॅमेरा पायरीवर आपटला. प्लॅस्टिकचाच तो, कटकन उकलला. आत गुंडाळून ठेवलेली फिल्म त्यानं चिमटीत धरली आणि भर उन्हात सरसर ओढली. चांगली दोन हात पट्टी निघाली. पुढे अडली, तेव्हा हिसडा देऊन तोडलीच.

"काढ आता फोटो!" तो काजवालीला म्हणाला. "पोटभर काढ!"

काजवाली म्हणजे कारखान्यात शर्टांना काजं करणारी. सगळे तिला याच नावानं ओळखत. तिच्या मागे आवारात चाळीस बाया खोकत उभ्या होत्या. आत पुढच्या दाराशीच कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला होता, धूर कोंडला होता, आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. का? तर कुणी काम सोडून हवा खायला जाऊ नये म्हणून! शेवटी खिडकी फोडून एकेक जण बाहेर पडली. तिच्या नणंदेचा त्या उडीत पाय मोडला. तशीच जमिनीवर कण्हत ती म्हणाली होती, "वहिनी, मला राहू दे. आधी त्या कुलपाचा फोटो काढ. आत्ता काढतील बघ ते." काजवालीनं जेवणाच्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि दोन फोटो घेतले. तिसऱ्याच्या वेळी मॅनेजरचा हात आडवा आला.

तिनं फुटका कॅमेरा उचलून पिशवीत टाकला. बायांना वाटलं, घाबरली.

बंब यायच्या आत कुलूप गायब झालं. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं आगीची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना लेखी दिलं, की दार उघडंच होतं, ही काजवाली उगाच घाबरून खिडकीतून उडी मारून बाहेर पडली, बाकीच्यांनाही तिनंच बिथरवलं, सबब तिला कामावरून काढण्यात यावं. घ्या! चोर तो चोर, वर शिरजोर.

"वहिनी, उन्हात ओढलेल्या फिल्ममध्ये काय उरणार गं?" नणंद खाटेवरून ओरडली. पाय प्लॅस्टरमध्ये होता, पण तोंड धडधाकट होतं. "सकाळपासून बाथरूम अडवून बसलीयेस!"

"ओढली ती कोरी होती," काजवाली आतून म्हणाली. "आणि दार उघडलंस तर दुसराही पाय मोडीन."

लग्नाआधी सहा वर्षं तिनं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली होती. स्टुडिओ बंद झाला तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे तारीख उलटलेले डबे कुणालाच नको होते. ते तिनं घरी आणले. अंधारात कात्रीनं हवी तेवढी फिल्म कापायची आणि लोकांनी एकदा वापरून फेकलेल्या कॅमेऱ्यांत भरायची, हा तिचा उद्योग. पण हे कॅमेरे उलट्या खोपडीचे. त्यांत फिल्म आधीच सगळी तिच्या काळोख्या डबीबाहेर गुंडाळून ठेवायची असते. फोटो काढला, की तेवढी पट्टी डबीत परत जाते. मॅनेजरनं मिशीला पीळ देऊन ओढली ती बावीस न काढलेल्या फोटोंची फिल्म. काढलेले दोन डबीत गुपचूप बसले होते.

दुसरा डबीच्या तोंडाशी होता, त्यात उजेड शिरून तो काळाठिक्कर पडला. पहिला मात्र आला. कुलूप, कडी, दार. मोठा करायला यंत्र नव्हतं, म्हणून तिनं फिल्मच फोटोच्या कागदावर दाबून वर बल्ब लावला. फोटो झाला काडेपेटीहून लहान. तिला मात्र तो भिंतीएवढा वाटला.

चौकशीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यावर भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं.

"कुलूप दिसतंय," ते म्हणाले. "पण बाई, कारखाना सुटला की दाराला कुलूप लागतंच. हा त्या दिवसाचाच कशावरून? धूर कुठाय यात?"

धूर होता हो! पण धूर राखाडी, भिंत राखाडी आणि फिल्म शिळी. सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. नणंदेनं कुबडीवरची मूठ आवळली. समोर मॅनेजर खुर्चीत रेलला आणि हसला.

त्या हसण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावर ठेवतील न ठेवतील, गेलं उडत! तिनं अधिकाऱ्यांकडे पाठ फिरवली आणि मॅनेजरकडे वळली.

"हसा, साहेब. पण हा माझ्याच कॅमेऱ्यातला फोटो आहे. तुमच्या नाकावर टिच्चून घरी धुतला आणि आला."

मॅनेजरनं झडप घालून तो इवलासा कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला. त्याचे कान लाल झाले.

"खोटं! साफ खोटं!" तो ताडकन उठला. शेजारी बसलेल्या कारखान्याच्या कारकुनानं त्याची बाही ओढली, पण तो कसला ऐकतोय! "हिनं मागाहून बनवलाय हा! हिची फिल्म मी स्वतः उन्हात ओढून तोडलीय, साहेब, या हातांनी! कुलपाचा एक फोटो शिल्लक ठेवला नव्हता मी!"

कारकुनानं बाही सोडून दिली.

अधिकाऱ्यांनी भिंग बाजूला ठेवलं. पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

"बसा," ते म्हणाले. "आणि नीट आठवून सांगा. कुठल्या दिवशी ओढलीत?"