शेवटचा घास

मुलगा प्रीतम व्हेंटिलेटरवर आहे, हे हौसाबाईंना कुणीच सांगितलं नव्हतं. ताप आलाय, एवढंच. म्हणून त्या रोज आमटीभाताचा डबा भरून द्यायच्या आणि सून रसिका तो मानपाड्याहून आणून आयसीयूबाहेरच्या बाकावर ठेवायची. खोटं निभावायला.

डबा रोज रिकामा व्हायचा. कढीपत्त्याची पानं तेवढी झाकणाच्या कडेला ओळीने चिकटवलेली असायची. अगदी प्रीतम चिकटवतो तशी.

"लाज नाही वाटत? आजारी माणसाच्या नावचा घास गिळता!" रसिका सिक्युरिटीवाल्यावर तुटून पडली.

"वहिनी, आईशप्पथ, कुणी हात नाही लावलेला."

तिचं डोकं आधीच फिरलेलं. नवऱ्याने नळी ओढू नये म्हणून या लोकांनी त्याचे दोन्ही हात पलंगाला बांधून टाकलेले. जनावरासारखे!

आज तिने डबा मांडीवरच घट्ट धरला. बघतेच, कोण खातं ते. अख्खी दुपार ती जागची हलली नाही. मग झाकण काढलं.

कडेला कढीपत्त्याची ओळ, अजून ओली. तळाशी एकच घास, नीट कालवून ठेवलेला. शेवटचा घास प्रीतम नेहमी तिच्यासाठी ठेवायचा.

तेवढ्यात आयसीयूचं दार आपटलं. सिस्टर तणतणत बाहेर आली.

"ओ मॅडम, अक्कल आहे का? तोंडात नळी असलेल्या पेशंटला भात कुणी दिला? बोटं बघा त्याची, आमटीने माखलीत!"

"त्याचे हात तुम्हीच बांधलेत ना?" रसिका किंचाळली.

"मग? अजून बांधलेलेच आहेत!"